जतन झालेले मानवी अवशेष आणि वस्त्रे : प्रागैतिहासिक जीवनाच्या अभ्यासाचे एक साधन

प्रस्तावना :

इतिहासलेखनासाठी लिखित साधनांना मोठे महत्त्व आहे. तथापि मानवाच्या एकूण वाटचालीचा फार मोठा कालखंड लिपीच्या शोधापूर्वीचा आहे. या कालखंडाचा अभ्यास पुरातत्त्वीय अवशेषांच्या आधारेच करावा लागतो. डॅनिश अभ्यासक सी. जे. थॉमसेन यांनी १८३६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मार्गदर्शिकेत अश्मयुग, कांस्ययुग आणि लोहयुग अशी त्रियुग पद्धती मांडली. पुढे सर्व जगातील प्रागैतिहासाचे कालविभाजन कमीअधिक फरकाने याच पायावर उभे राहिले. या नावांकडे बारकाईने पाहिल्यास एक गोष्ट लक्षात येते. ही नावे त्या काळातील माणसाने सर्वाधिक वापरलेल्या वस्तूंची नसून सर्वाधिक टिकलेल्या वस्तूंची आहेत. लाकूड, कातडे, लोकर, गवत, झाडाची साल आणि वनस्पतींचे तंतू हे पदार्थ मातीत कुजून जातात. त्यामुळे ज्या वस्तूंनी माणसाचे शरीर झाकले, त्याला थंडीपासून वाचविले आणि समाजात ओळख दिली, त्याच वस्तू इतिहासाच्या नजरेआड राहिल्या.

काही अपवादात्मक ठिकाणी मात्र निसर्गानेच मानवी देह आणि त्यावरील वस्त्रे हजारो वर्षे जपून ठेवली. आल्प्समधील बर्फ, डेन्मार्कमधील दलदली व ओकच्या शवपेट्या, मध्य आशियातील तारीम खोऱ्याचे वाळवंट आणि अमेरिकेतील कोरड्या गुहा ही त्याची प्रमुख उदाहरणे होत. या अवशेषांनी प्रागैतिहासिक जीवनाविषयीच्या अनेक रूढ समजुतींना धक्का दिला. त्याचबरोबर एकाच अवशेषाचा अर्थ काळानुसार कसा बदलत जातो याचाही धडा त्यांनी अभ्यासकांना दिला. प्रस्तुत लेखात या दोन्ही अंगांचा विचार केला आहे.

उद्दिष्टे :

१) सेंद्रिय अवशेष टिकून राहण्याची कारणे समजून घेणे.
२) मानवी अवशेष व वस्त्रे यांतून प्रागैतिहासिक आहार, आरोग्य, तंत्रज्ञान आणि श्रम यांविषयी मिळणाऱ्या माहितीचा आढावा घेणे.
३) अशा अवशेषांच्या अन्वयार्थातील मर्यादा स्पष्ट करणे.
४) भारतीय, विशेषतः महाराष्ट्रातील पुराव्यांच्या संदर्भात या साधनाचे महत्त्व तपासणे.

अभ्यासपद्धती :

प्रस्तुत लेख दुय्यम साधनांवर आधारित असून त्यासाठी वर्णनात्मक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

अवशेष टिकतात कसे?

मृत देह आणि वस्त्रे यांचा नाश मुख्यतः सूक्ष्म जीवांमुळे होतो. या जीवांना ओलावा, ऊब आणि प्राणवायू लागतो. यांपैकी एक जरी घटक दीर्घकाळ दूर राहिला तर कुजण्याची क्रिया मंदावते किंवा थांबते. गोठलेल्या बर्फात ऊब नसते, वाळवंटात ओलावा नसतो आणि दलदलीच्या तळाशी प्राणवायू नसतो. उत्तर युरोपातील दलदलींत स्फॅग्नम नावाचे शेवाळ वाढते. त्यामुळे तेथील पाणी आम्लधर्मी बनते व चांभाराने कातडे कमवावे त्याप्रमाणे मृताची त्वचा कमावली जाते. हाडांतील खनिजे मात्र त्याच आम्लात विरघळतात.

येथे एक महत्त्वाचा मुद्दा लक्षात घ्यावा लागतो. प्रत्येक परिस्थिती सर्वच पदार्थ टिकवीत नाही. आम्लधर्मी दलदलीत लोकर व कातडे टिकतात, पण जवसाच्या तंतूंचे कापड नष्ट होते. उलट स्वित्झर्लंडमधील सरोवरकाठच्या नवाश्मयुगीन वसाहतींत जवस व सालीच्या तंतूंचे कापड मिळते, लोकर जवळजवळ मिळत नाही. त्यामुळे एखाद्या ठिकाणी एखादे वस्त्र आढळले नाही म्हणजे ते वापरातच नव्हते, असा निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरते. डेन्मार्कमधील टोलुंड येथे १९५० साली सापडलेला पुरुषाचा देह याचे चांगले उदाहरण आहे. इ.स.पू. चौथ्या-पाचव्या शतकाच्या संधिकाळातील या माणसाच्या अंगावर कातड्याची टोपी आणि कमरपट्टा यांखेरीज काहीही नव्हते. गळ्याभोवती कातड्याची वेणीसारखी गुंफलेली दोरी होती. त्याला विवस्त्र अवस्थेत दलदलीत ठेवले असावे, किंवा त्याच्या अंगावरील वनस्पतिजन्य कापड विरघळून गेले असावे. उपलब्ध पुराव्यावरून यांपैकी कोणत्याही एका पर्यायाचा आग्रह धरता येत नाही.

आल्प्समधील हिममानव :

१९ सप्टेंबर १९९१ रोजी हेल्मुट व एरिका सायमन या जर्मन दांपत्याला ऑस्ट्रिया व इटली यांच्या सीमेवर, समुद्रसपाटीपासून सुमारे ३२१० मीटर उंचीवर, वितळत्या बर्फात एक मृतदेह दिसला. आरंभी तो एखाद्या दुर्दैवी गिर्यारोहकाचा असावा असे समजून तो बाहेर काढण्यात आला. या घाईत यांत्रिक छिन्नीने देहाच्या डाव्या कमरेला इजा झाली. इन्सब्रुक विद्यापीठातील पुरातत्त्वज्ञ कोनराड श्पिंडलर यांनी सोबतची कुऱ्हाड पाहून हा देह किमान चार हजार वर्षांपूर्वीचा असल्याचे सांगितले. पुढे कार्बन-१४ पद्धतीने त्याचा काळ इ.स.पू. सुमारे ३३५० ते ३१०० असा निश्चित झाला. ओएट्झटाल या प्रदेशावरून 'ओएट्झी' हे नाव मिळालेला हा हिममानव १९९८ पासून इटलीतील बोल्झानो येथील संग्रहालयात उणे ६ अंश सेल्सिअस तापमानात ठेवलेला आहे.

मृत्यूसमयी त्याचे वय सुमारे ४५ वर्षे आणि उंची सुमारे १६० सेंटिमीटर होती. त्याचा पोशाख हा या शोधातील सर्वांत मौलिक भाग म्हणावा लागेल. डोक्यावर अस्वलाच्या कातड्याची टोपी, अंगात शेळी व मेंढी यांच्या कातड्यांच्या पट्ट्या जोडून शिवलेला अंगरखा, पायांवर शेळीच्या कातड्याची लांब वेष्टने, मेंढीच्या कातड्याचा लंगोट आणि वासराच्या कातड्याचा कमरपट्टा असा तो पोशाख होता. पादत्राणांच्या आत लिंडन झाडाच्या सालीच्या तंतूंची जाळी विणलेली होती. तीत वाळलेले गवत भरून पायाला ऊब देण्याची सोय केलेली होती. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार एकट्या अंगरख्यासाठीच किमान चार निरनिराळ्या जनावरांची कातडी वापरलेली होती. बाणांचा भाता रो जातीच्या हरणाच्या कातड्याचा होता.

या यादीतून अर्थव्यवस्थेचे चित्र उभे राहते. रोजच्या वापराचे कपडे पाळीव जनावरांच्या कातड्याचे आहेत, तर टोपी व भाता यांसाठी रानटी प्राण्यांची कातडी आहे. म्हणजे शेती व पशुपालन करणाऱ्या समाजाने शिकार सोडलेली नव्हती. अंगरख्याची मूळ शिवण जनावरांच्या स्नायुतंतूंची आणि नेटकी आहे. काही ठिकाणी मात्र गवताच्या दोऱ्याने ओबडधोबड दुरुस्ती केलेली दिसते. कुशल हाताने शिवलेले वस्त्र आणि प्रवासात कामचलाऊ पद्धतीने सांधलेले वस्त्र यांतील हा फरक आहे. एखाद्या दगडी हत्यारातून माणसाच्या नित्य जीवनाचा इतका जिवंत तपशील क्वचितच मिळतो.

त्याच्याजवळील वस्तूही तितक्याच बोलक्या आहेत. जवळजवळ शुद्ध तांब्याची कुऱ्हाड, १.८२ मीटर लांबीचे यू वृक्षाचे अपुरे धनुष्य, भात्यातील १४ बाण आणि त्यांपैकी केवळ दोनच पूर्ण झालेले, तसेच बर्च झाडाच्या सालीची दोन भांडी त्याच्याजवळ होती. त्यांपैकी एका भांड्यात मॅपलच्या पानांत गुंडाळलेले निखारे नेले जात असावेत. २०१७ मधील अभ्यासानुसार कुऱ्हाडीचे तांबे दक्षिण टस्कनीतील खनिजापासून मिळविलेले होते. याचा अर्थ ताम्रयुगात धातू शेकडो किलोमीटर दूर पोचत होता. बर्फाऐवजी साध्या मातीत हा माणूस गाडला गेला असता तर त्याच्या सामानापैकी कुऱ्हाडीचे पाते, चकमकीच्या दगडाची काही हत्यारे आणि एक संगमरवरी मणी एवढेच उरले असते. मग इतिहासाने त्याची नोंद 'कुऱ्हाडधारी योद्धा' अशी केली असती. शिवणकाम, कातडीकाम, सालीचे विणकाम आणि वनस्पतींचे ज्ञान यांचा त्यात उल्लेखही आला नसता.

देहाच्या तपासणीतून आहार व आरोग्य यांची माहिती मिळाली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार त्याच्या जठरात रानबकऱ्याची चरबी व मांस, तांबड्या हरणाचे मांस आणि आइनकॉर्न गहू आढळला. हा गहू महाराष्ट्रात परिचित असलेल्या खपली गव्हाच्या नात्यातला आहे. आतड्यात कृमींची अंडी होती, रक्तवाहिन्या कठीण झालेल्या होत्या आणि सांध्यांची झीज झालेली होती. अंगावर ६१ गोंदणखुणा मोजल्या गेल्या. त्यांतील बऱ्याच खुणा कंबर, गुडघा, घोटा अशा दुखऱ्या भागांवर असल्याने त्या उपचारासाठी केल्या असाव्यात असे अनेक अभ्यासक मानतात. हृदयविकाराला पोषक ठरणारी रक्तवाहिन्यांची ही अवस्था केवळ आधुनिक जीवनशैलीची देणगी नाही, ही बाब येथे नोंद घेण्यासारखी आहे.

डेन्मार्कमधील पुरावे :

जटलंडमधील एग्टवेड येथे १९२१ साली एका टेकाडवजा दफनात ओकच्या खोडाची शवपेटी मिळाली. वृक्षवलयांच्या मोजणीवरून हे दफन इ.स.पू. १३७० मधील असल्याचे ठरले. पेटीत १६ ते १८ वर्षे वयाची एक मुलगी होती. तिची हाडे नष्ट झाली होती, मात्र केस, दात, नखे आणि वस्त्रे शिल्लक होती. आखूड बाह्यांची लोकरीची चोळी, लोकरीच्या दोऱ्यांची गुडघ्यांपर्यंतही न पोचणारी झालर आणि कमरेला कांस्याची नक्षीदार चकती असा तिचा वेश होता. सोबत मध, गहू व रानफळे यांपासून केलेल्या मद्याचे भांडे होते. तसेच पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या जळालेल्या अस्थी होत्या. पेटीतील यॅरो वनस्पतीच्या फुलावरून हे दफन उन्हाळ्यातील असावे असे दिसते. हे वस्त्र उजेडात आले तेव्हा प्राचीन स्त्रीच्या सोज्ज्वळ, सर्वांगझाकू वेशाची जी कल्पना रूढ होती तिला मोठाच तडा गेला.

हुल्ड्रेमोसे येथील दलदलीत १८७९ साली सापडलेली स्त्री लोहयुगातील आहे. तिच्या अंगावर चौकटीची लोकरी घागरेवजा वस्त्रे, गळपट्टा आणि कातड्याची दोन प्रावरणे होती. आतील प्रावरणाला अनेक ठिगळे होती. त्यांपैकी काही ठिगळांच्या आत हाडाची फणी, केसांची पट्टी आणि कातड्याची वादी जपून शिवलेली आढळली. ही कपडे दलदलीतील रसायनांमुळे तपकिरी दिसत असल्याने ती मुळातच बिनरंगी असावीत असे दीर्घकाळ मानले गेले. नंतरच्या रासायनिक विश्लेषणातून घागरा मूळचा निळा आणि गळपट्टा तांबडा असल्याचे स्पष्ट झाले. प्रागैतिहासिक जग काळे-करडे नव्हते, ते रंगीत होते. हा रंग काळाने पुसला होता आणि त्या पुसलेल्या रूपालाच इतिहास समजले गेले होते.

वस्त्रनिर्मितीतील श्रमांचा विचारही येथे आवश्यक आहे. मेंढी पाळणे, लोकर काढणे, ती विंचरणे, चातीवर सूत कातणे, रंगविणे, मागावर विणणे आणि शिवणे अशा अनेक टप्प्यांतून एक वस्त्र तयार होते. यांत्रिक साधनांपूर्वी या साखळीतील सर्वाधिक वेळ सूतकताईला लागत असे. हे काम बहुतांश समाजांत स्त्रियांकडे असल्याचे ऐतिहासिक काळातील दाखल्यांवरून दिसते. प्रागैतिहासिक समाजांनाही ते लागू असेल तर धातू व दगड यांवर आधारलेल्या कालविभाजनाने समाजाच्या अर्ध्या श्रमांची नोंदच घेतली नाही, असे म्हणावे लागेल.

तारीम खोऱ्यातील पुरावे :

चीनच्या शिनजियांग प्रांतातील शियाओहे येथील दफनभूमीची नोंद स्वीडिश पुरातत्त्वज्ञ फोल्के बर्गमन यांनी १९३४ मध्ये केली. २००२ ते २००५ या काळात तेथे पुन्हा विस्तृत उत्खनन झाले. होडीच्या आकाराच्या व गाईच्या कातड्याने आच्छादलेल्या शवपेट्या, लोकरीची प्रावरणे, लोकर दाबून केलेल्या बुरणुसासारख्या कापडाच्या टोप्या आणि कातडी पादत्राणे तेथे मिळाली. मृतांच्या गळ्याभोवती व छातीवर दुग्धजन्य पदार्थाचे तुकडे ठेवलेले होते. २०२४ मधील जनुकीय अभ्यासाने ते केफिर पद्धतीचे चीज असल्याचे दाखविले.

या लोकांची चेहरेपट्टी आणि लोकरी वस्त्रे पाहून ते पश्चिमेकडून स्थलांतर करून आले असावेत, असे मत दीर्घकाळ मांडले गेले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनाने वेगळे चित्र दाखविले. येथील सर्वांत जुने लोक स्थानिक प्राचीन वंशसमूहाचे होते व शेजारच्या पशुपालक समाजांशी त्यांचा जनुकीय संकर झालेला नव्हता. तरीही पश्चिम व मध्य आशियातील गहू, गुरे-मेंढ्या आणि दुग्धव्यवसाय त्यांनी आत्मसात केला होता. याचा अर्थ तंत्रज्ञान प्रवास करते तेव्हा माणसांचे समूह त्याच्यासोबत प्रवास करतातच असे नाही. वस्त्रावरून वंश ठरविण्याची घाई किती फसवी असते हे यावरून दिसून येते.

भारतीय संदर्भ :

भारतात, विशेषतः दख्खनमध्ये, असे संपूर्ण देह व पोशाख मिळत नाहीत. येथील उष्ण हवामान आणि दरवर्षी पावसात भिजून उन्हात भेगाळणारी काळी माती सेंद्रिय पदार्थ टिकू देत नाही. पुणे जिल्ह्यातील घोड नदीकाठच्या इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तेथे ताम्रपाषाणयुगातील दोनशेहून अधिक दफने मिळाली. मातीच्या रांजणांत पुरलेली बालके आणि घोट्यापासून पाय तोडून पुरलेल्या प्रौढ व्यक्ती यांमुळे इनामगाव प्रसिद्ध आहे. अस्थी व दात यांवरून तेथील लोकांचा आहार व आरोग्य यांचा अभ्यास झाला. परंतु ते कोणते वस्त्र नेसत होते याचे थेट उत्तर त्या मातीने दिले नाही.

तरीही एक अरुंद वाट शिल्लक राहते. तांबे किंवा चांदी यांच्या गंजात धाग्याचे लहान तुकडे अडकून टिकतात, कारण धातूचे क्षार सूक्ष्म जीवांना घातक असतात. मोहेंजोदडो येथील चांदीच्या भांड्याला चिकटलेल्या कापडाच्या तुकड्याचे परीक्षण मुंबईतील माटुंगा येथील कापूस तंत्र प्रयोगशाळेत झाले. ए. एन. गुलाटी व ए. जे. टर्नर यांनी १९२८ मध्ये तो खराखुरा कापूस असल्याचे सिद्ध केले. पुढे बलुचिस्तानातील मेहरगढ येथे तांब्याच्या मण्यात इ.स.पू. सहाव्या सहस्रकातील कापसाचे तंतू ओळखले गेले. महाराष्ट्रात नेवासे येथील बालदफनातील तांब्याच्या मण्यांच्या माळेत रेशीम व कापूस यांचा धागा, तर चांदोली येथे जवसाचा धागा मिळाला. हे पुरावे बोटाच्या पेराएवढे असले तरी मोलाचे आहेत. ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांना कापूस, जवस व रेशीम यांचे सूत माहीत होते हे त्यांवरून ठरते. म्हणून उत्खननात मिळालेल्या धातूच्या वस्तू स्वच्छ करण्यापूर्वी त्यांवरील गंजाची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी होणे अत्यावश्यक आहे. घासून चकचकीत केलेला मणी सुंदर दिसतो, पण त्याचा इतिहास त्या घासण्यात नाहीसा झालेला असतो.

अन्वयार्थाच्या मर्यादा आणि नैतिक प्रश्न :

या अवशेषांच्या अभ्यासाचा इतिहास हा दुरुस्त्यांचाही इतिहास आहे. हिममानव वादळात सापडून गारठून मेला असे प्रथम मानले गेले. २००१ मध्ये क्ष-किरण तपासणीत त्याच्या डाव्या खांद्यात बाणाचे दगडी टोक आढळले आणि अपघाताची कथा हत्येची ठरली. तो गोरा व लांब केसांचा असल्याचे कल्पून त्याची प्रतिकृती बनविली गेली होती. २०२३ मधील सुधारित जनुकीय अभ्यासाने तो गडद वर्णाचा व टक्कल पडण्याची प्रवृत्ती असलेला होता असे दाखविले. एग्टवेड येथील मुलीविषयी २०१५ मध्ये स्ट्रॉन्शियम या मूलद्रव्याच्या आधारे असे मत मांडले गेले की, ती जर्मनीतील ब्लॅक फॉरेस्ट भागातून आली असावी. २०१९ मध्ये आर्हुस विद्यापीठातील संशोधकांनी त्यावर आक्षेप घेतला. आधुनिक शेतीत टाकल्या जाणाऱ्या चुन्यामुळे तेथील पाण्यातील स्ट्रॉन्शियमचे प्रमाण बदलते, त्यामुळे तुलनेचा पायाच डळमळीत आहे आणि ती मुलगी स्थानिक असू शकते, असे त्यांचे म्हणणे होते. प्रयोगशाळेतील आकडासुद्धा संदर्भाशिवाय बोलत नाही, हे या वादातून स्पष्ट होते.

दुसरा प्रश्न मृतांच्या सन्मानाचा आहे. अमेरिकेतील नेवाडा राज्यात स्पिरिट केव्ह या गुहेत १९४० साली एका पुरुषाचा देह सापडला. तो सशाच्या कातड्यांच्या पांघरुणात व विणलेल्या चटयांत गुंडाळलेला होता. पायांत कातडी पादत्राणे होती. १९९० च्या दशकात झालेल्या कालमापनातून तो दहा हजार वर्षांहून जुना असल्याचे कळले. फॅलन पायूट-शोशोनी जमातीने त्याला आपला पूर्वज मानून परत मागितले. जनुकीय तपासणीत त्याचे नाते अमेरिकेतील मूळ रहिवाशांशीच असल्याचे दिसल्यावर २०१६ मध्ये देह जमातीकडे सोपविण्यात आला व २०१८ मध्ये त्याचे पुन्हा दफन झाले. येथे विज्ञानाने वारसांचा दावा खोडला नाही, उलट त्याला पुष्टी दिली. मात्र वारसांचे म्हणणे ऐकण्यास अनेक वर्षे लागली. संग्रहालयात ठेवलेला देह ही वस्तू आहे की व्यक्ती, या प्रश्नाचे उत्तर अभ्यासकाला आपल्या वागणुकीतून द्यावे लागते.

निष्कर्ष :

१) जतन झालेले मानवी अवशेष व वस्त्रे यांमुळे दगड व धातू यांच्यापलीकडील प्रागैतिहासिक जीवन समजते. आहार, आजार, ऋतू, प्रवास, रंग आणि दुरुस्ती यांसारखे तपशील अन्य साधनांतून सहसा मिळत नाहीत.
२) अवशेषांचे टिकणे हे परिस्थितीवर अवलंबून असते. म्हणून पुराव्याच्या अभावाला अभावाचा पुरावा मानता येत नाही.
३) कातडीकाम, सूतकताई व विणकाम ही प्रागैतिहासिक समाजाची मूलभूत तंत्रे होती. रूढ कालविभाजनात त्यांना आणि ती करणाऱ्या हातांना योग्य स्थान मिळालेले नाही.
४) वस्त्र, वंश आणि स्थलांतर यांचा सरळ संबंध जोडणे तारीम खोऱ्याच्या उदाहरणावरून चुकीचे ठरते.
५) दख्खनमध्ये संपूर्ण वस्त्रे मिळण्याची शक्यता अल्प असली तरी धातूच्या गंजातील धागे, भाजक्या मातीच्या चात्या आणि मृत्पात्रांवरील कापडाचे ठसे यांचा पद्धतशीर शोध घेतल्यास महाराष्ट्राच्या वस्त्रपरंपरेचा आरंभीचा अध्याय अधिक स्पष्ट होऊ शकेल. महाविद्यालयांतील इतिहासाच्या अध्यापनात 'अश्मयुगीन हत्यारे' या प्रकरणासोबत 'अश्मयुगीन वस्त्रे' या विषयालाही स्थान मिळाल्यास विद्यार्थ्यांसमोर केवळ हत्यारे न राहता ती हाती धरणारी, थंडीने कुडकुडणारी, फाटलेला अंगरखा गवताच्या दोऱ्याने सांधणारी माणसे उभी राहतील.